टायरचं पिगमेंट म्हणून रांगोळी विकली, सावध रहा

मित्रांनो, कोणी मॉडेलचे टायर जुने, मळलेले दिसावेत म्हणून 'वेदर्ड टायर सेट', म्हणजे रंग आणि पिगमेंट (धूळमाती दाखवायची बारीक रंगीत पूड) स्वस्तात देतो म्हणाला तर आधी हे वाचा. माझे २,४५० रुपये गेले आणि वर चार टायरची वाट लागली.

मी १:३५ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढी, विलीज जीप करतोय. वाईला काकांकडे जुनी जीप होती, तिच्या मागे बसून शेतावर जायचो, म्हणून हे मॉडेल माझ्यासाठी खास आहे (महिंद्राने १९४७ पासून याच विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या). टायर जेमतेम २१ मिमीचा, पण जीप खरी वाटणार की खेळणं हे तिथेच ठरतं. खरा टायर कोळशासारखा काळा कधीच नसतो, राखाडीकडे झुकतो, रस्त्याला घासणारा भाग फिकट पडतो आणि माती खाचांत नि साइडवॉलवर बसते. म्हणून तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक हाच रंग हवा होता, इथे मिळेना, तेवढ्यात एकाने टायरचे असे भारी फोटो टाकले की बघत रहावं, तीन रंग चार पिगमेंट, फोनवर दादा दादा करत बोलला, स्टॉक संपतोय आत्ताच जीपे करा म्हणाला आणि मी केलं.

पार्सल आलं, लेबल ओरिजिनल, पण झाकण उघडलं तर वासच नाही! तामियाच्या अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटसारखा उग्र वास येतो. ब्रशने मारला तर जाड थर बसून टायरच्या खाचा बुजल्या. एअरब्रशने (हवेने रंग फवारायचं पेन) मारायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालून पातळ करायला गेलो तर दूध नासावं तसा फुटला, रबरासारख्या गुठळ्या झाल्या. रिकाम्या बाटल्यांत पाण्याचा साधा क्राफ्टचा रंग भरलेला.

पिगमेंट चिमटीत घेतलं आणि हाताने लगेच ओळखलं, रांगोळी. दर दिवाळीला दारात काढतो तीच, मातकट रंगाची. खरं पिगमेंट मैद्यासारखं मऊ, बोटाच्या रेषांत जाऊन बसतं, झटकून जात नाही. हे खरखरीत, आणि १:३५ ला पाव मिमीचा कण म्हणजे जवळजवळ ९ मिमीची खडी होते, टायरवर धूळ दिसणारच नाही.

मग फोटो गूगलवर टाकून शोधले तर ते परदेशातल्या एका मॉडेलरचे, कित्येक वर्षं जुने. मेसेज केला तर ब्लॉक. तुम्ही आधी बाटली उघडतानाचा व्हिडिओ मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा, पिगमेंट अंगठ्यावर चोळून दाखवायला सांगा. खरा विक्रेता दाखवतो, मी नंतर दोघांना विचारून बघितलं, दोघांनीही दाखवलं. आणि पैसे गेलेच तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. मी लाजेपोटी चार दिवस घालवले, पैसे अजून आलेले नाहीत.

टायर आयपीएमध्ये भिजवून टूथब्रशने घासतोय, दोनांच्या खाचा मोकळ्या झाल्यात. काल तेच फोटो दुसऱ्या नावाने परत दिसले, आता किंमत १,९९९ लावलीय.