मलेशियातलं मुशारका मुतनाकिसा गृहवित्त: भाडं घराचं, दर ओपीआरचा

मलेशियात घर घेताना इस्लामी बँकेचं वित्त कुणालाही घेता येतं, धर्म आड येत नाही. त्यातलं मुशारका मुतनाकिसा म्हणजे घटती भागीदारी. बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात. बँकेच्या हिश्श्याचं भाडं ग्राहक भरतो आणि दरमहा तो हिस्सा थोडाथोडा विकत घेत जातो. कल्पना खरोखर चांगली आहे. घोडं अडतं ते भाडं ठरवताना.

समजा घर 5 लाख रिंगिटचं. 50 हजार तुमचे, साडेचार लाख बँकेचे, मुदत 30 वर्षं, दर 4 टक्के. हप्ता येतो सुमारे 2,148 रिंगिट. पहिल्या महिन्यात त्यातले 1,500 भाड्याचे आणि 648 हिस्सा खरेदीचे. त्याच दराच्या साध्या गृहकर्जाचा हप्ता काढून बघा, आकडा तोच येईल. कारण 1 ऑगस्ट 2022 पासून नव्या, बदलत्या दराच्या वित्ताला स्टँडर्डाइज्ड बेस रेट, म्हणजे सगळ्या बँकांसाठी समान आधारदर लागतो आणि तो बँक नेगाराच्या, म्हणजे मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या, ओपीआर या धोरणात्मक व्याजदराला बांधलेला आहे.

आता शेजारच्या तशाच फ्लॅटला महिना 1,600 भाडं मिळतंय असं धरा. बँकेच्या 90 टक्के हिश्श्याला 1,440 यायला हवेत. दर 5 टक्के झाला की बँक 1,875 मागते, शेजारचं भाडं एक रिंगिटही वाढलेलं नसताना. त्या भागातल्या भाड्याच्या निर्देशांकाला दर बांधावा, असं अभ्यासक वर्षानुवर्षं मांडत आलेत आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरी खोट घराची किंमत पडली की कळते. ग्राहकाचे हप्ते थकले, तर करारातल्या 'वाद' म्हणजे खरेदीच्या वचनाप्रमाणे बँकेचा उरलेला हिस्सा त्याला बाकी रकमेलाच घ्यावा लागतो, बाजारभावाने नाही. भागीदार म्हणवणाऱ्याने तोट्यात हात वर करणं पटत नाही.

तरीही जुन्या बीबीए (बाय बिथमान आजिल, म्हणजे उधारीची विक्री) करारापेक्षा हे बरंच स्वच्छ आहे. बीबीएत बँक घर घेऊन वाढीव किमतीला उधारीवर विकायची. वरच्याच उदाहरणात 10 टक्के कमाल दर धरला तर विक्री किंमत सुमारे 14.2 लाख रिंगिट लिहिली जाते. 4 टक्क्यांनी प्रत्यक्षात 7.73 लाखच भरायचे असतात, उरलेली रक्कम 'इब्रा' म्हणजे सूट. ही सूट कागदावर नसल्यामुळे कोर्टकज्जे झाले. शेवटी 2011 मध्ये बँक नेगाराने ती करारात लिहिणं बंधनकारक केलं. आज तवर्रुक, म्हणजे एखादी वस्तू उधारीवर घेऊन ती रोखीने विकून पैसा उभा करण्याच्या, पद्धतीच्या करारातही असाच फुगलेला आकडा दिसतो. बऱ्याच बँका हल्ली तेच देतात, तेव्हा 'इस्लामी' या शब्दावर न जाता करार कुठला आहे ते आधी विचारा.

हप्त्याला उशीर झाला तर 'तावीद' म्हणजे भरपाई लागते: थकलेल्या हप्त्यावर वर्षाला 1 टक्का, चक्रवाढ नाही. ही या वित्ताची खरी जमेची बाजू.

सहीपूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या. भाड्याचा फेरआढावा कधी आणि कमाल किती टक्क्यांपर्यंत. मुदतीआधी फेड केली तर लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक काळाच्या आत फेडल्याचं, शुल्क आहे का. आणि बांधकाम चालू असलेल्या घराचं आगाऊ भाडं, प्रकल्प बंद पडला तर परत मिळेल का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तयार घरच बघा.