डायलिसिस तंत्रज्ञ व्हायचे असेल तर: प्रमाणपत्र, पदविका की पदवी?

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी दोन-तीन पालक मुलाला किंवा मुलीला घेऊन आमच्या डायलिसिस युनिटमध्ये येतात. हातात बहुधा दोन माहितीपत्रके असतात. एकात ‘सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन, नोकरीची हमी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि दुसरे एखाद्या विद्यापीठाच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमाचे, तीन वर्षे शिक्षण आणि वर इंटर्नशिपचे एक वर्ष असे असते. मधली पदविकेची वाट त्यांनी ऐकलेली असते, पण तिच्याबद्दल नीट सांगणारे कोणी भेटलेले नसते. घरातले गणित साधे असते: किती पैसे, किती महिने आणि पगार केव्हा सुरू होणार. हे गणित चुकीचे नाही. मात्र मी या कामात बरीच वर्षे काढली आहेत आणि माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. शिकवणारा माणूस शेजारी उभा असताना मुलाचे हात मशीनवर किती तास राहणार आहेत, हा पहिला. हातात पडणाऱ्या कागदाच्या बळावर त्याचे नाव राज्याच्या परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेच्या नोंदवहीत लागणार आहे का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व कामाचे स्वरूप पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सकाळच्या पाळीचा तंत्रज्ञ रुग्णाआधी पाण्याकडे जातो. आरओ प्लांट किमान पंधरा मिनिटे चालू ठेवून तो क्लोरीन शोषणाऱ्या कार्बनच्या टाकीनंतरच्या नळाचे पाणी घेतो आणि त्यात क्लोरीन उरले आहे का हे तपासतो. एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. रक्त गाळणाऱ्या डायलायझरमधून याच पाण्यापासून बनवलेला द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये रुग्णाच्या रक्ताच्या शेजारून, केवळ एका पातळ पडद्याआडून, १२० लिटर द्रव जातो. पिण्याच्या पाण्यात चालणारे क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचेच एक संयुग, इथे तांबड्या पेशी फोडते. ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ साली एका डायलिसिस केंद्रात शेवाळाचे विष असलेले पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. म्हणून ज्या अभ्यासक्रमात पाणी शुद्धीकरणाला एका तासिकेत उरकले जाते, तो अभ्यासक्रम मला सुरुवातीलाच नापास वाटतो.

पाण्यानंतर रुग्णाचा हात. धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या फिस्टुलावर बोटे टेकवली की त्वचेखाली मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. ती लागली नाही तर सुई हातात घ्यायची नसते, आधी डॉक्टरांना बोलवायचे असते. सुई दर वेळी त्याच ठिकाणी टोचली तर शिरेला फुगा येतो, म्हणून जागा शिडीच्या पायऱ्यांसारखी वर-खाली बदलत न्यावी लागते. पुस्तकात याला अर्धे पान लागते, पण बोटांना ते कळायला कित्येक महिने जातात.

एक प्रसंग सांगतो. एका केंद्रात नुकताच लागलेला एक मुलगा दुपारच्या पाळीत एकटाच चार मशीन पाहत होता. एका मशीनवर व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शरीरात परत नेणाऱ्या नळीतला दाब, कमी झाल्याचा अलार्म वाजला. त्याने तो बंद केला, अलार्मची मर्यादा पुन्हा लावून घेतली आणि पुढच्या रुग्णाकडे गेला. सुदैवाने शेजारून जाणाऱ्या सिस्टरांनी रुग्णाच्या अंगावरची चादर उचलली. परतीची सुई अर्धी निसटली होती आणि गादी रक्ताने भिजली होती. मिनिटाला ३०० मिलिलिटर वेगाने रक्त फिरत असताना सुई पूर्ण निघाली, तर चार मिनिटांत लिटरभराहून जास्त रक्त जाते. रुग्ण वाचला. तो मुलगा बेफिकीर नव्हता, उलट दिवसभर धावपळ करणारा होता. त्याच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात अलार्म कसा थांबवायचा हे दाखवले होते. पण तो वाजला की आधी हात आणि सुई पाहायची, मगच पडद्याकडे वळायचे, ही सवय अंगी लावायला कोणाला वेळच मिळाला नव्हता.

याचा अर्थ अल्पमुदतीचे प्रशिक्षण सरसकट टाकाऊ आहे, असा नाही. आधीच परिचारिका असलेल्या किंवा रुग्णालयात वॉर्डचे काम केलेल्या व्यक्तीला डायलिसिसकडे वळायचे असेल, तर सहा महिन्यांचे चांगले प्रशिक्षण तिच्या फार उपयोगी पडते, कारण रुग्णाला हाताळणे, रक्तदाब, निर्जंतुकीकरण आणि औषधांची शिस्त हे सारे तिच्याजवळ आधीपासून असते. बारावीनंतर थेट येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला शरीरशास्त्रापासून सुरुवात करायची असते आणि त्यासाठी सहा महिने पुरत नाहीत.

दुसरा प्रश्न नोंदणीचा, आणि इथे कायदा बराच स्पष्ट आहे. संसदेने २०२१ साली राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला आणि डायलिसिस तंत्रज्ञांचा व्यवसाय त्याच्या अनुसूचीत आला. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे संलग्न आरोग्य व्यावसायिकाकडे पदविका किंवा पदवी असायला हवी, आणि ते शिक्षण किमान २,००० तासांचे व दोन ते चार वर्षांत सत्रांनुसार विभागलेले असायला हवे. त्याच्या वरची पायरी आरोग्यसेवा व्यावसायिकाची. तिच्यासाठी पदवी लागते आणि तिचे शिक्षण किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत पसरलेले असते. आता सहा महिन्यांचा हिशेब मांडून पाहा. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता शिकवले तरी २६ आठवड्यांत १,२४८ तास होतात. तास कमी पडतात आणि दोन वर्षांची अटही पूर्ण होत नाही. तेव्हा पालकांनी हे समजूनच पैसे भरावेत की आज अशा प्रमाणपत्रावर एखाद्या लहान केंद्रात काम मिळेलही, पण कायद्याने आखलेल्या चौकटीत ते बसत नाही, आणि ही चौकट पुढे सैल होण्याऐवजी आवळत जाण्याचीच शक्यता मला दिसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये दहा व्यवसायांसाठी देशभर एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले आणि त्यांत डायलिसिसचा समावेश आहे. महाराष्ट्रात परावैद्यक परिषद आहे. ज्या संस्थेत प्रवेश घ्यायचा, तिच्या अभ्यासक्रमावर परिषद नोंदणी देते का, हे संस्थेच्या शब्दावर न सोडता परिषदेकडेच विचारावे. मागच्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याचे नोंदणीपत्र दाखवा म्हणावे. खरी संस्था ते लगेच दाखवते.

राहिली पदविका आणि पदवी. खरी तुलना या दोघांतच आहे, आणि ती घरच्या परिस्थितीवर अवलंबून असल्यामुळे मी कोणालाही एकच उत्तर देत नाही. रुग्णालयाशी जोडलेली दोन वर्षांची चांगली पदविका माणसाला कामाला तयार करते. विद्यार्थी सकाळी वर्गात आणि दुपारी मशीनवर असतो आणि दुसऱ्या वर्षी तर जवळजवळ पाळीच करतो. घरात दुसरे कमावणारे कोणी नसेल, तर दोन वर्षांनी पगार सुरू होणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. पदविकेची मर्यादा नंतर जाणवते. युनिटचा प्रमुख तंत्रज्ञ, कंपनीत मशीनचे प्रशिक्षण देणारा, महाविद्यालयात शिकवणारा अशा जागांना पदवी मागतात, आणि नोकरी व संसार सांभाळून ती नंतर मिळवणे ज्यांनी केले आहे, त्यांनाच त्याचा त्रास ठाऊक आहे.

पदवीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मणिपाल आणि कर्नाटकातील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये येथे डायलिसिसची पदवी दीर्घकाळ शिकवली जात आहे. महाराष्ट्रातील काही अभिमत विद्यापीठेही ती देतात. तीन वर्षांत मूत्रपिंडाचे शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोटातून केले जाणारे पेरिटोनिअल डायलिसिस, अतिदक्षता विभागातील चोवीस तासांचे मंदगती डायलिसिस आणि लहान मुलांचे डायलिसिस इतके सारे येते. मात्र माझ्या मते पदवीचा खरा कस इंटर्नशिपच्या वर्षात लागतो. काही ठिकाणी ते वर्ष विद्यार्थ्याला फुकट मनुष्यबळ म्हणून राबवण्यात जाते: तो वर्षभर डायलायझर धुतो आणि पलंगावरच्या चादरी बदलतो. काही ठिकाणी मात्र त्याला प्रत्येक विभागात ठरावीक आठवडे पाठवतात आणि त्याने किती फिस्टुला टोचल्या, किती कॅथेटर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्या) जोडले, किती वेळा पाण्याचे नमुने घेतले याची वही ठेवून तिच्यावर सही करतात. प्रवेशाआधी ही वही पाहायला मागावी. इतका एकच पुरावा पाहता आला तरी फसगत टळते.

नोकरीच्या बाबतीतला एक गैरसमजही दूर करायला हवा. २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत केंद्रे उघडली आणि तालुक्याच्या गावच्या मुलांना घराजवळ काम मिळू लागले, हे खरेच आहे. पण या योजनेची मांडणी सरकारी आणि खासगी भागीदारीची आहे: जागा सरकारी, मशीन आणि माणसे चालवणाऱ्या कंपनीची. त्यामुळे सरकारी दवाखान्यात काम म्हणजे सरकारी नोकरी, असे धरून चालू नये. नेमणूकपत्र कोणाचे आहे, ते पाहावे.

परदेशाचा विचार असेल तर दोन वेगळी चित्रे समोर येतात. आखाती देशांत परवाना देण्याआधी डेटाफ्लो या व्यवस्थेमार्फत प्रत्येक प्रमाणपत्र थेट ते देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घेतले जाते. संस्था बंद पडलेली असेल किंवा तिने पत्राला उत्तरच दिले नाही, तर उमेदवाराचा अर्ज तिथेच अडकतो. दुबई-मस्कतचे स्वप्न असलेल्याने म्हणूनच विद्यापीठाची पदवीच घ्यावी, असे मी निःसंकोच सांगतो.

अमेरिकेची रीत याच्या जवळजवळ उलट आहे. २००८ च्या केंद्रीय नियमांनुसार तिथे डायलिसिस तंत्रज्ञाला हायस्कूलचे, म्हणजे बारावीपर्यंतचे, शिक्षण पुरते. केंद्र त्याला आधी नोकरीवर घेते आणि नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली आपणच शिकवते; या शिक्षणात डायलिसिसची तत्त्वे, रुग्णसेवा, पाणी, संसर्गनियंत्रण, संभाव्य धोके आणि रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य हे सारे असावेच लागते. मग रुजू झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत राज्याचे किंवा राष्ट्रीय पातळीवरचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी नेफ्रॉलॉजी परिचारिकांच्या प्रमाणन आयोगाची सीसीएचटी आणि १९७४ पासून काम करणाऱ्या बोनेंट या मंडळाची सीएचटी या दोन परीक्षा सर्वांत परिचयाच्या आहेत. सीसीएचटीला तीन तासांत १५० प्रश्न असतात. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते आणि त्याच्या नूतनीकरणासाठी त्या काळात ३,००० तासांचे काम व ३० तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. बोनेंटचे प्रमाणपत्र चार वर्षांचे असते. लग्नानंतर अमेरिकेत गेलेल्या आणि काम करण्याची परवानगी हाती असलेल्या आपल्याकडच्या मुलींना हे कळले पाहिजे, कारण आपली भारतीय पदवी तिथे चालणार नाही असे समजून त्यांच्यातल्या कित्येकजणी हे काम कायमचे सोडून देतात. पदवी तिथे अट नाही, पण तिने दिलेले ज्ञान परीक्षेत आणि कामात उपयोगी पडतेच. फक्त एक लक्षात ठेवावे की तिथल्या अनेक राज्यांत कॅथेटरला हात लावणे आणि शिरेतून औषध देणे तंत्रज्ञाच्या अधिकारात येत नाही. इथे रोज केलेले काम तिथे आपल्या हातून होणार नाही, ही मनाची तयारी हवी.

मला स्वतःला अमेरिकेच्या पद्धतीतली नूतनीकरणाची अट फार आवडते. एकदा मिळालेल्या कागदावर तीस वर्षे काढता येऊ नयेत. पण तिची आधी नोकरी आणि मग परीक्षा ही रीत आपल्याकडे आणावी असे वाटत नाही, कारण शिकवण्यासाठी वेळ राखून ठेवलेली परिचारिका आपल्या बहुतेक केंद्रांत नसते. शिकाऊ मुलगा पहिल्या आठवड्यातच चार मशीनवर एकटा उभा राहतो.

संस्था पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसून परत फिरू नका. सकाळी सातच्या सुमारास युनिटमध्ये जा. किती मशीन चालू आहेत, दिवसाला किती पाळ्या होतात आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी उभे आहेत, ते मोजा. दोन मशीन आणि चाळीस विद्यार्थी असतील तर बाकी काही विचारायची गरज नाही. आरओ प्लांटची खोली उघडून दाखवा म्हणा आणि भिंतीवरच्या तक्त्यात आजच्या तारखेची क्लोरीनची नोंद आहे का ते पाहा. हेपटायटिस बीच्या रुग्णांसाठी वेगळे मशीन आणि वेगळी जागा आहे का, हेही विचारा.

आणि प्रवेश कुठेही घ्या, मुलाला त्याआधीच हेपटायटिस बीच्या लसीची पहिली मात्रा द्या. दुसरी महिन्याने आणि तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी द्यायची असते, आणि तिसरीनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली आहे का ते पाहायचे असते. संस्था याबद्दल बहुधा पहिल्या सत्राच्या शेवटी बोलते, तोवर त्याच्या हातात सुया आलेल्या असतात.