मोमोताच्या नावाने विकली जाणारी रॅकेट: योनेक्स अ‍ॅस्ट्रॉक्स 99 प्रो

योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स 99 प्रो ही बॅडमिंटनची रॅकेट दुकानात बहुधा 'स्मॅशची रॅकेट' म्हणून दाखवली जाते. वजन डोक्याकडे (तारांच्या चौकटीकडे) झुकलेले आणि शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, कडक, त्यामुळे या वर्णनात चूक नाही. परंतु ज्या खेळाडूच्या नावाशी ही मालिका जोडली गेली, त्या जपानच्या केन्तो मोमोताचे सामने लक्ष देऊन पाहिलेल्या माणसाला ते अपुरेच वाटेल.

मोमोता डावखुरा. 2018 मध्ये नानजिंगला शी युचीला 21-11, 21-13 असे हरवून तो पुरुष एकेरीत जगज्जेता झालेला पहिला जपानी खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. बेकायदा कॅसिनोत जुगार खेळल्याबद्दल झालेल्या बंदीमुळे 2016 चे रिओ ऑलिंपिक त्याच्या हातून गेले होते. त्यानंतरचे हे पुनरागमन माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी कमाई आहे. 2019 मध्ये त्याने ऑल इंग्लंडसह 11 विजेतेपदे मिळवली. बासेलच्या जागतिक स्पर्धेत त्याने उपांत्य फेरीत आपल्या साई प्रणीतला आणि अंतिम फेरीत अँडर्स अँटनसनला 21-9, 21-3 असे नमवले. त्या सामन्यांत स्मॅश हा बहुतेक वेळा रॅलीचा शेवटचा फटका असे. त्याआधीचे खरे काम नेटवर होई: शटल इतके घट्ट टाकायचे की समोरच्याला ते उचलण्यावाचून गत्यंतर राहू नये, आणि त्याची लिफ्ट आखूड पडली की मगच प्रहार करायचा.

रॅकेटची परीक्षाही मी याच क्रमाने केली, म्हणजे आधी नेट आणि मग स्मॅश. माझ्याकडे 4U वजनाची, सरासरी 83 ग्रॅमची रॅकेट आहे आणि तिचे गटिंग, म्हणजे तारांची ओढ, 25 पौंडांवर केलेले आहे. नेटपाशी पकड सैल ठेवून कॉर्कला हलका काप दिला, तर शटल उलटेपालटे होत पट्टीला लागून खाली उतरते. डोक्यातील वजनामुळे त्या क्षणी रॅकेटचे तोंड हलत नाही, आणि कडक शाफ्टमुळे हाताने ठरवलेली दिशा शटलपर्यंत जशीच्या तशी पोहोचते. मात्र पकड किंचित आवळली गेली, तर तेच शटल वीतभर वर उडून प्रतिस्पर्ध्याच्या हातात आयता गुण जातो. मागच्या रेषेवरून क्लिअर (उंच, खोल फटका) मारताना वेळ साधली, तर डोक्याचे वजनच शटल पलीकडच्या रेषेपर्यंत नेते. वेळ चुकली, तर शाफ्ट काही मदत करत नाही आणि सगळा भार खांद्यावर येतो. स्मॅशबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. तो जड बसतो आणि उतरता जातो.

ही रॅकेट खरा कस पाहते ती बचावात. अंगावर आलेला स्मॅश परतवताना किंवा सपाट ड्राइव्हच्या देवाणघेवाणीत ती वर आणायला हलक्या रॅकेटपेक्षा क्षणभर अधिक लागतो. मोमोताने हा क्षण पायांनी आणि अंदाजाने भरून काढला होता. फटका येण्यापूर्वीच तो योग्य जागी उभा असे. दुहेरीत पुढे खेळणाऱ्याला ती सोयीची नाही, आणि त्यासाठी योनेक्सचीच 88 मालिका आहे.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2018-19 मधील यशाच्या काळात 'प्रो' बाजारात नव्हती. मूळ अ‍ॅस्ट्रॉक्स 99 ही 2018 ची, तर प्रो 2021 ची. दरम्यान 13 जानेवारी 2020 रोजी, मलेशिया मास्टर्स जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, विमानतळाकडे जाताना मोमोताच्या गाडीला अपघात झाला. चालकाचा मृत्यू झाला आणि मोमोताच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. त्याला एकाच्या दोन प्रतिमा दिसू लागल्या व शस्त्रक्रिया करावी लागली. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो गटातच हो क्वांग-हीकडून 15-21, 19-21 असा हरला. त्यानंतर 2021 च्या अखेरीस इंडोनेशिया मास्टर्स आणि 2023 मध्ये कोरिया मास्टर्स त्याने जिंकली खरी, पण 2022 च्या जागतिक स्पर्धेत एच. एस. प्रणॉयने त्याला सरळ दोन गेममध्ये हरवले, तेव्हा नेटवरची ती जुनी जरब उरली नव्हती. 2024 मध्ये थॉमस चषकानंतर त्याने आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन थांबवले. त्या मनगटाला जे साधत होते, ते नजरेने शटल अचूक टिपण्यावर किती अवलंबून होते, हे या उतरत्या वर्षांत फार वेदनादायक रीतीने दिसले.

ज्यांचे पदलालित्य बसलेले आहे, जे प्रामुख्याने एकेरी खेळतात आणि पिसांच्या शटलवर नियमित सराव करतात, त्यांनी ही रॅकेट निःशंकपणे घ्यावी. त्यातही क्लबमध्ये खेळणाऱ्यांनी अधिक जड 3U ऐवजी 4U निवडावी. खेळायला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी किंवा कोपराचे दुखणे असलेल्यांनी लवचीक शाफ्टची, समतोल वजनाची रॅकेट पाहावी. गटिंग सुरुवातीला 23-24 पौंडांवर करून घ्यावे आणि नेटवरचा हात बसल्यावरच ते वाढवावे.