हर्णैचं जुनं घर घेण्याआधी: इंजिनिअरला दाखवावं की सुताराला?

बंदराकाठचं जुनं कौलारू घर पसंत पडलं, बोलणी जमत आली, की व्यवहाराआधी ते दाखवायचं कुणाला? दापोली तालुक्यातल्या हर्णैत घर घेताना मी या प्रश्नात महिनाभर अडकलो होतो. आता ओळखीतले दोघे जण त्याच टप्प्यावर आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. पुण्याहून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणणं ही एक वाट, आणि इकडचाच जाणता सुतार नि गवंडी बोलावणं ही दुसरी. मी दोन्ही केलं. माझा कल एकीकडे आहे, पण इंजिनिअरच्या बाजूने सांगण्यासारखंही बरंच आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

घर नेहमीचंच. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पश्चिमेला हाकेवर समुद्र. मागच्या अंगाला पंचवीसेक वर्षांपूर्वी वाढवलेली न्हाणीघर-संडासाची स्लॅबची खोली. या स्लॅबच्या खोलीपुरता इंजिनिअरला पर्याय नाही, असं माझं मत झालं. त्यांनी छत हातोडीने ठोकत नेलं, पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल काढले. मग एका कोपऱ्यात काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन शिंपडलं. चांगलं काँक्रीट याने गुलाबी होतं. आमचं सळईपर्यंत होतं तसंच राहिलं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्यावरच्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितलंय. आमच्या स्लॅबला त्याच्या निम्मंही नव्हतं. खारा वारा आत शिरला की सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून गिलावा करून रंग मारला तर दोन पावसाळे कुणाला पत्ता लागत नाही. ही खोली पाडा, डागडुजीत पैसे घालू नका, हे त्यांनी स्पष्ट लिहून दिलं आणि ते बरोबर होतं. सुताराने त्या खोलीत नुसतं डोकावून मान हलवली होती.

भिंतींपाशी मात्र गाडी अडली. त्यांच्या ओलावा मोजायच्या यंत्राने जानेवारीच्या कोरड्या हवेतही प्रत्येक भिंतीत ‘अति ओलावा’ दाखवला. वाचून माझी झोप उडाली. दोन दिवसांनी गवंड्याने तीच भिंत नखाने खरवडली आणि पांढरी भुकटी माझ्या तळहातावर ठेवली. लोणा, म्हणजे भिंतीतून फुटून आलेला खार. हे यंत्र भिंतीतून वीज किती वाहते त्यावरून ओल ठरवतं, आणि खार असला की आकडा उगाच चढतो. गवंड्याने पुढचंही दाखवलं: लोणा होता तो आतून सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंतींनाच. चुन्याचा जुना गिलावा राहिला होता तिथे भिंत स्वच्छ. जांभा पाणी पितो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की सोडायला वाट उरत नाही. आमच्या इंजिनिअरांचा हात बहुतेक काँक्रीटच्या इमारतींवर बसलेला, जांभ्यात मुरलेला माणूस वेगळं सांगेलही. सगळ्यांना एकच माप लावणं योग्य नाही.

पण माझं मन फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. अहवाल बावीस पानांचा, रंगीत फोटोंसकट, नीट बांधलेला. सतराव्या पानावर एक ओळ: ‘माळ्यावर जाण्यास सुरक्षित मार्ग नसल्याने छताच्या लाकडी सांगाड्याची तपासणी करता आली नाही.’ ती ओळ मी परत परत वाचली. कौलारू घराचा जीव छपरात असतो. भिंत शंभर वर्षं उभी राहते, पण एक वासा कुजला की पाणी आत येतं आणि मग भिंतही जाते. तेवढंच सोडून बाकी सगळं तपासलं होतं. त्यांना दोष देत नाही, अनोळखी माळ्यावर चढणं धोक्याचंच. पण मला जे कळायला हवं होतं, त्याच जागी कागद कोरा होता.

सुतारकाका केळशीकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी शिडी लावली, छपराच्या पश्चिमेकडच्या उतारावरच्या दोन ओळी कौलं उतरवली आणि वर बसूनच एकेक वासा टोच्याने तपासत गेले. थोड्या वेळाने मला वर बोलावलं. “भाऊ, हे जुने वासे फणसाचे, याला काही झालेलं नाही. हे चौदा मात्र वादळानंतरचे. आंब्याचं कच्चं लाकूड आहे.” टोचा लागला तिथून भुसा सांडत होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, दापोली-मंडणगडातली छपरं उडाली, आणि मृग चार दिवसांवर. वाळलेलं लाकूड शोधायला वेळ कुणाला होता? बागांतून आंबे आडवे झाले होते, तेच चिरून लोकांनी डोक्यावर आसरा केला. मालकानेही तेच केलं, त्यात लबाडी नव्हती. पण ते चौदा वासे, आणि भिंतीत शिरलेल्या तुळईचं बोटभर कुजलेलं टोक, हे दोन्ही मला व्यवहाराआधी कळलं. किंमत त्यावरच खाली आली.

सुताराच्या वाटेवर एक मोठी अडचण आहे. मी आधी त्याच वाडीतला सुतार बोलावला होता. त्याने वर न बघताच “घर चांगलं आहे” म्हटलं. त्याचंही खरं, त्याला मालकाच्या शेजारी जन्म काढायचाय. म्हणून माणूस चार गावं पलीकडचा आणावा. शिवाय त्याच्या शब्दाचा कागद होत नाही. कर्ज काढणार असाल तर बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, पण तो घराची किंमत ठरवतो, प्रकृती नव्हे.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी नियमांचं, या दोघांपैकी कुणीच सांगणार नाही, पण त्याचा या तपासणीशी थेट संबंध आहे. २०११ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात सहसा नवं बांधकाम होत नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, तीही आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रफळात. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना सवलत आहे, ती आपल्या गावाला लागू आहे का ते आधी पाहावं. म्हणजे ‘पाडून मोठं बांधू’ हा हिशेब इथे धरू नये. आहे तेच घर टिकवायचंय. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा (घरपट्टीची नोंद) जुना नसेल तर तेही अवघड.

तेव्हा स्लॅबचं घर असेल तर इंजिनिअर, यात दुमत नाही. चिरे-कौलांचं असेल तर माझ्या मते पहिला दिवस सुतार-गवंड्याला द्यावा, आणि त्यांनी बोट ठेवलं तेवढ्यापुरतंच इंजिनिअरला बोलवावं. दोघांची दिवसभराची मजुरी मला इंजिनिअरच्या फीच्या पाव हिश्शातही पडली नाही. पैशाचा प्रश्न नसेल तर दोन्ही करा, पण क्रम हाच ठेवा.

मालक कौलं उतरवू देत नाही, ही तक्रार मी ऐकली आहे. आमचे मालकही आधी नको म्हणाले. कौलं त्याच संध्याकाळी परत चढतील आणि फुटतील त्याचे पैसे आम्ही देऊ, असं सुतारकाकांनी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, तेव्हा तयार झाले. नऊ फुटली.