महाभियोगाची चौकशी न्याय्य होती का? 1974, 1998, 2019 आणि 2023 शेजारी ठेवून

अमेरिकेच्या अध्यक्षावर महाभियोगाची चौकशी सुरू झाली, की आरोप खरे की खोटे हे बाजूलाच राहते आणि आधी चौकशीच्या पद्धतीवरून भांडण जुंपते. अमेरिकेच्या राज्यघटनेत याचे उत्तर नाही. महाभियोगाचा अधिकार फक्त प्रतिनिधिगृहाचा (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा) आणि प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपणच करायचे, एवढेच तिथे लिहिले आहे. भारताच्या घटनेतील कलम 61 राष्ट्रपतींना चौकशीत हजर राहण्याचा आणि वकील देण्याचा हक्क देते. अमेरिकेच्या घटनेत प्रतिनिधिगृहातल्या टप्प्यासाठी तसे एक अक्षर नाही. म्हणून सगळा वाद जुन्या दाखल्यांवर येतो आणि जो तो आपल्या सोयीचा दाखला पुढे करतो.

कोणाची तक्रार टिकते हे ठरवायचे असेल, तर टप्प्यासमोर त्याच जातीचा टप्पा ठेवावा. निक्सनच्या वेळी, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपल्याच्या वॉटरगेट प्रकरणात, पुराव्याचा मोठा भाग विशेष सरकारी वकील, ग्रँड ज्युरी (खटला भरावा का हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) आणि वरिष्ठ सभागृहाची म्हणजे सिनेटची वॉटरगेट समिती यांनी आधीच जमवला होता. क्लिंटनच्या वेळी स्वतंत्र तपास वकील केनेथ स्टार यांचा अहवाल सप्टेंबर 1998 मध्ये तयार होऊनच प्रतिनिधिगृहाकडे आला. 2019 मध्ये मात्र ट्रम्प यांच्या युक्रेन प्रकरणाचा (प्रतिस्पर्धी बायडन यांच्या चौकशीसाठी युक्रेनवर दबाव आणल्याच्या आरोपाचा) तपास प्रतिनिधिगृहालाच पहिल्यापासून करावा लागला. हा फरक विसरून केलेली तुलना फसवी ठरते.

सभागृहाचे मतदान

6 फेब्रुवारी 1974 रोजी निक्सनविरुद्धच्या चौकशीचा ठराव 410 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. क्लिंटनविरुद्धचा ठराव 8 ऑक्टोबर 1998 रोजी 258 विरुद्ध 176 ने झाला आणि त्यात 31 डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या बाजूने गेले. 2019 मध्ये सभापती नॅन्सी पेलोसी यांनी 24 सप्टेंबरला नुसती घोषणा केली. मतदान झाले थेट 31 ऑक्टोबरला: 232 विरुद्ध 196, एकही रिपब्लिकन बाजूने नाही, दोन डेमोक्रॅट विरोधात. मधल्या काळात, 8 ऑक्टोबरला, व्हाइट हाउसचे वकील पॅट सिपोलोनी यांनी पत्र पाठवून सहकार्य नाकारले. मतदानाविना चौकशी अवैध आहे, हे त्यांच्या मुख्य मुद्द्यांपैकी एक होते.

कायद्याच्या अंगाने हा दावा कमकुवत आहे. निक्सनच्या वेळीही प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीचे काम ठरावाच्या काही महिने आधीच, 1973 च्या ऑक्टोबरात सुरू झाले होते. 25 ऑक्टोबर 2019 रोजी संघीय न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनीही अशा मतदानाची गरज नसल्याचे म्हटले. राजकीय अंगाने मात्र डेमोक्रॅटांचे चुकलेच. पहिल्याच आठवड्यात मतदान घेतले असते, तर विरोधकांचा सर्वांत सोपा मुद्दा उरला नसता.

बंद खोली

सर्वांत जास्त आरडाओरडा याच मुद्द्यावर झाला. 23 ऑक्टोबर 2019 रोजी रिपब्लिकन सदस्यांचा एक गट साक्ष चालू असलेल्या सुरक्षित खोलीत घुसला. त्यांतल्या काहींना तिथे बसण्याचा रीतसर हक्क होताच, कारण जबाब घेणाऱ्या तीन समित्यांवरचे रिपब्लिकन सदस्य आत जाऊ शकत होते आणि प्रश्नांसाठी त्यांना बरोबरीचा वेळ होता. मज्जाव होता तो बाकीच्या सदस्यांना आणि सरकारी खात्यांच्या वकिलांना. खात्याचा वकील शेजारी बसला, की साक्षीदार वरिष्ठांच्या धाकाखाली बोलतो, हे त्यामागचे कारण. रिपब्लिकनांचे बहुमत असतानाही हा नियम वापरात होता. साक्षीदाराला स्वतःचा वकील आणता येत होता.

आता 1998 बघा. स्टार यांचे साक्षीदार ग्रँड ज्युरीसमोर गेले, तेव्हा त्यांचा स्वतःचा वकीलही बाहेर थांबे. 1974 मध्ये न्यायसमितीने मे महिन्यापासून पुराव्याचे वाचन बंद दारामागेच केले आणि जुलैतल्या साक्षीही तशाच घेतल्या. त्यामुळे गुप्ततेच्या तक्रारीत फारसे बळ नाही. 2019 चे जबाब नोव्हेंबरात प्रसिद्धही होऊ लागले आणि 13 ते 21 नोव्हेंबरदरम्यान 12 साक्षीदार उघड सुनावणीत बसले.

समन्स आणि साक्षीदार

1974 आणि 1998 च्या ठरावांत समितीचा अध्यक्ष आणि अल्पमताचा ज्येष्ठ सदस्य दोघांनाही समन्स काढता येत होते. दुसऱ्याचा आक्षेप असेल, तर प्रकरण समितीच्या मताला जाई. 2019 मध्ये अल्पमताच्या सदस्याला आधी अध्यक्षाची संमती हवी होती. ती मिळाली नाही, तर समितीकडे जाता येत होते. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण दोन्ही वाटा समितीतल्या बहुमतापाशीच संपतात.

म्हणून ठरावाच्या शब्दांपेक्षा प्रत्यक्षात कोणाला बोलावले ते तपासा. रिपब्लिकनांच्या यादीतले कर्ट व्होल्कर, टिम मॉरिसन आणि डेव्हिड हेल हे आजी-माजी अधिकारी आले. बायडन यांचे पुत्र हंटर बायडन आणि ज्याच्या तक्रारीवरून हे प्रकरण पुढे आले तो निनावी तक्रारदार, या दोघांना बोलावण्यास नकार मिळाला. तक्रारदाराची ओळख जपण्याला सबळ कारण होते. पण गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष ॲडम शिफ यांनी आपण तक्रारदाराशी थेट बोललो नसल्याचे सांगितले होते आणि नंतर त्यांच्या कर्मचाऱ्याशी तक्रारदाराचा आधीच संपर्क झाल्याचे उघड झाले. विश्वासाला तडा गेला तो इथे, आणि ही तक्रार रास्त होती.

दुसरी रास्त तक्रार क्वचितच आठवली जाते. प्रतिनिधिगृहाच्या नियमांनुसार अल्पमताने वेळेत मागणी केली, तर त्यांच्या साक्षीदारांसाठी किमान एक दिवस सुनावणी द्यावी लागते. डिसेंबर 2019 मध्ये न्यायसमितीत रिपब्लिकनांनी ती मागितली. अध्यक्ष जेरी नॅडलर यांनी ती आरोपांवरील मतदानाआधी दिली नाही. एका दिवसाने काही बिघडले नसते.

अध्यक्षाचा वकील

निक्सनचे वकील जेम्स सेंट क्लेअर न्यायसमितीत बसले, त्यांनी उत्तर दिले, साक्षीदारांना प्रश्न विचारले. क्लिंटनचे वकील डेव्हिड केंडल यांनी 19 नोव्हेंबर 1998 रोजी खुद्द स्टार यांची उलटतपासणी केली. 2019 मध्ये गुप्तवार्ता समितीच्या टप्प्यात ट्रम्प यांच्या वकिलाला जागा नव्हती, न्यायसमितीच्या टप्प्यात होती. म्हणजे टप्प्याला टप्पा लावला, तर हक्क जवळपास सारखाच. मात्र ठरावाने मान्य केलेल्या नियमांत एक अट होती: अध्यक्षाने साक्षीदार वा कागदपत्रे बेकायदा अडवली, तर समितीचा अध्यक्ष वकिलाच्या मागण्या नाकारू शकेल. ही अट जाचक होती. ती प्रत्यक्ष वापरायची वेळ आली नाही, कारण व्हाइट हाउसने भाग घ्यायचेच नाकारले.

घाई

2019 च्या चौकशीचा खरा कच्चा दुवा हाच आहे. 1974 मध्ये निक्सनने आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्याव्यात, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 24 जुलैला 8 विरुद्ध 0 ने दिला. तीनच दिवसांनी पहिला आरोप समितीत 27 विरुद्ध 11 ने मंजूर झाला आणि त्यात सहा रिपब्लिकन होते. 2019 मध्ये ट्रम्प यांचे माजी उप-राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार चार्ल्स कपरमन यांचे समन्स न्यायालयात अडकताच समितीने ते मागे घेतले. 18 डिसेंबरला मतदान उरकले, तेव्हा महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब नव्हतेच. मग ते महाभियोगाचा खटला चालवणाऱ्या सिनेटकडे मागायची वेळ आली आणि 31 जानेवारी 2020 रोजी सिनेटने 49 विरुद्ध 51 ने नकार दिला.

2023 मध्ये बाजू बदलल्या. अध्यक्ष जो बायडन यांच्याविरुद्धची, मुलाच्या व्यवहारांवरून निघालेली चौकशी सभापती केविन मॅकार्थी यांनी 12 सप्टेंबरला मतदानाविनाच जाहीर केली. मतदान झाले 13 डिसेंबरला, 221 विरुद्ध 212. या वेळी उघड सुनावणी हवी होती हंटर बायडन यांना आणि बंद खोलीचा आग्रह रिपब्लिकन समित्यांचा होता. अखेर 28 फेब्रुवारी 2024 रोजी हंटर यांचा जबाब बंद दारामागेच झाला. महाभियोगाचा एकही आरोप सभागृहात मतदानाला आला नाही.