पगारवाढीचा विषय टाळणारे साहेब: लेखी पाठपुरावा की बाहेरची ऑफर?

पगारवाढ मागितली की ‘बघू’ म्हणायचं आणि पुढे विषयच काढायचा नाही, अशा साहेबांपुढे आपल्याला दोनच वाटा कामाच्या आहेत: लेखी पाठपुरावा किंवा बाहेरची ऑफर.

बाहेरची ऑफर समोर ठेवली की काम झटपट होतं, हे मान्य. महिनोन्महिने अडलेली मंजुरी दोन दिवसांत येऊ शकते. अर्थात ऑफर लेखी हवी आणि ‘खुशाल जा’ म्हटलं तर जायची तयारीही हवी. मला खटकतं ते त्यानंतरचं. थांबवण्यासाठी दिलेली वाढ बऱ्याचदा पुढच्या अप्रेझलमधूनच (वार्षिक मूल्यमापनानंतरच्या वाढीतूनच) उचललेली असते. वर्ष उलटलं की ‘तुम्हाला मधेच दिलं होतं ना’ हे ऐकावं लागतं. कधी ती पगारात येतच नाही, एकरकमी बोनस म्हणून मिळते आणि ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर परत करायची अट पत्रात असते. रक्कम मोठी दिसते, पण पुढची टक्केवारी जुन्याच पगारावर मोजली जाते. लेखी पाठपुराव्याच्या बाजूने माझं मत इथेच पक्कं झालं.

लेखी पाठपुरावा संथ आहे. तरी बहुतेक साहेबांना वाढ स्वतःच्या अधिकारात देता येत नाही. वर मांडायला त्यांना कागद लागतो, तो आपणच द्यावा. मेल सात-आठ ओळींचा पुरे: आकड्यांसकट तीन कामं, वाढलेली जबाबदारी, हवा असलेला नेमका पगार आणि भेटीची तारीख. ‘योग्य ती वाढ’ लिहिलं की किमान वाढ पदरी पडते. घरखर्च, कर्जाचे हप्ते यांचा उल्लेख नको, आणि पहिल्याच मेलमध्ये साहेबांच्या वरिष्ठांना सीसी तर मुळीच नको. साहेब मदत करायच्या ऐवजी बचावात जातात. वाढीचं बजेट पत्रं हातात पडण्याच्या बरंच आधी ठरतं, म्हणून अप्रेझलच्या दोन-तीन महिने आधी लिहावं. तोंडी बोलणं झालं तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ एवढं मेलवर टाकावं.

आठवड्याने आठवण करावी. तरीही उत्तर नाही आलं, तर मंजुरी कोणाकडे आहे आणि निर्णय कधीपर्यंत होईल, एवढंच विचारावं. त्यावरही काही आलं नाही तर तो नकार समजावा.

पगार बाजारभावाच्या फारच खाली असेल तर मात्र पाठपुराव्यात वर्ष घालवू नये, टक्क्यांच्या वाढीने ती दरी सहसा भरत नाही. अशा वेळी ऑफर जरूर शोधावी, पण दाखवायला नव्हे, स्वीकारायला.