बर्डीतला सेकंडहँड लॅपटॉप: दिवाळीपासून नवतप्यापर्यंतचा अनुभव

सेकंडहँड लॅपटॉप घेताना आपण बिजागरी हलवून बघतो, कीबोर्डवर बोटं फिरवतो, रॅम किती ते विचारतो आणि पैसे मोजतो. बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा मूळ सेटिंगचा भाग, कोणी उघडत नाही. दिवाळीनंतर नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेल्या माझ्या मशीनने आतापर्यंत जेवढा त्रास दिला, त्यातला बहुतेक तिथूनच निघाला, आणि तिथेच मिटलाही.

मशीन कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातून निघालेलं. आय-फाइव्ह ८२५०यू, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, म्हणून त्याखालचं काही बघितलंच नाही.

दुकानदाराने विंडोज कोरं टाकून दिलं होतं. पण फॉरमॅट केल्याने पुसली जाते ती एसएसडी; बायॉसची सेटिंग मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असते. भाडेकरू गेला तरी त्याने ठोकलेले खिळे भिंतीत राहतात, तसे जुन्या ऑफिसच्या आयटीवाल्यांचे निर्णय जसेच्या तसे राहिले होते. कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमध्येसुद्धा दिसेना, कारण बायॉसमध्येच बंद. बॅटरी ८० टक्क्यांवर अडायची. मला वाटलं गेली कामातून, तर चार्जिंगची मर्यादाच ८० वर लावलेली. सगळ्यात मजेशीर म्हणजे चार्जर लावलेला असला की सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊला लॅपटॉप आपोआप सुरू व्हायचा. घरच्यांना वाटलं व्हायरस आहे. ‘ऑटो ऑन’ नावाची ओळ सापडली, तिथे ‘वीकडेज’ निवडलेलं! ८० ची मर्यादा मात्र मी तशीच ठेवली. मशीन दिवसभर टेबलावर चार्जरलाच असतं, बॅटरीला ते बरंच.

विंडोज ११ टाकायला गेलो तर टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) सापडत नाही म्हणाला. चिप होती, नुसती बंद होती. काही मशिनींवर हीच गोष्ट ‘पीटीटी’ नावाने असते. मुलीच्या बीसीएच्या प्रॅक्टिकलला व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर) लागायचं, त्यासाठी बायॉसमधलं व्हर्च्युअलायझेशनही चालू करावं लागलं.

खरी डोकेदुखी तिला लिनक्स हवं होतं तेव्हा झाली. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसेना. कारण साटा मोड, म्हणजे मशीनने डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारी बायॉसमधली सेटिंग, ‘रेड’वर होता. तो थेट ‘एएचसीआय’ या दुसऱ्या पर्यायावर नेला की लिनक्सला डिस्क दिसते, पण आधीचं विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. यावरचा रस्ता असा: आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून ‘सेफ बूट’, ‘मिनिमल’वर टिक करायची, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये शिरून मोड बदलायचा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की ती टिक काढायची आणि पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज नव्या मोडचा ड्रायव्हर स्वतः उचलतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर हे करण्याआधी, आणि बायॉस अपडेटच्या आधीही, तो ‘सस्पेंड’ करा. नाही तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो आणि जुन्या मशीनवर ती कुठे ठेवलीय हे कोणालाच आठवत नसतं.

मधे घड्याळ मागे जायला लागलं. तारीख चुकली की ब्राउझर बँकेची साइट उघडू देत नाही, सर्टिफिकेटचा इशारा येतो, आणि आपण वायफायला शिव्या घालतो. मदरबोर्डवरचं घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपला होता, तीन व्होल्टचा. लॅपटॉपमध्ये तो बहुधा वायर आणि छोट्या पिनसकट, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला येतो. जुना सेल काढून दुकानात दाखवला, पिन जुळवून घेतली, काम झालं.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की पंखा सतत घरघरायचा. धूळ साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली, फरक पडला, पण दुपारचं भागेना. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मग बायॉसमधून टर्बो बूस्ट (गरज पडली की प्रोसेसरचा वेग वाढवणारी सोय) बंद करून टाकला. प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झऐवजी १.६ च्या वर जात नाही. टॅली, एक्सेल, ब्राउझरला ते पुरतं, व्हिडिओ एडिटिंगला अजिबात नाही. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका, ती हवा दमट असते.

मेहुण्यासाठी दुसरं मशीन बघायला गेलो तेव्हा पहिलं काम बायॉस उघडायचं केलं. थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१०. पासवर्ड मागितला. दुकानदार म्हणे, ‘‘काही टेन्शन नका घेऊ भाऊ, सेल काढला का पासवर्ड जाते.’’ डेस्कटॉपच्या जमान्यात जायचा. ऑफिसच्या लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या मेमरीत असतो, सेल काढून तो हलत नाही. कित्येकदा मदरबोर्ड बदलण्यावर गोष्ट जाते. किंमत चांगली कमी होती, मेहुणा मोहात पडला होता, तरी सोडायला लावलं. दुसऱ्या मशीनमध्ये पासवर्ड नव्हता, ‘कॉम्प्युट्रेस’ही चालू नव्हतं. हा चोरी पकडण्याचा बंदोबस्त असतो. ‘अ‍ॅक्टिव्हेट’ दिसला तर मशीन अजून जुन्या कंपनीच्या नावावर असू शकतं. दोन-तीन हजार जास्त गेले, पण तेच घेतलं.